फळ्यावरचे दोन दिनविशेष

३१ जानेवारीला आमच्या वर्गाच्या फळ्यावर, उजव्या कोपऱ्यात, दोन ओळी असायच्या. वरची : १९२०, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक. खालची : संत जॉन बॉस्को यांचा सण. वरची ओळ बाई दिनविशेषाच्या पुस्तकातून उतरवायच्या आणि खालची ऑफिसात खिळ्याला टांगलेल्या चर्चच्या कॅलेंडरवरून. खडू तोच आणि अक्षराचं वळणही तेच. सगळ्याच शाळांच्या फळ्यावर असं असतं, अशी माझी समजूत होती. मामाच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत डोकावलो तेव्हा कोपऱ्यात एकच ओळ दिसली, तर ‘दुसरी कुणी पुसली?’ असं मी विचारलं होतं.

आमची शाळा वसई तालुक्यातली. मराठी माध्यमाची, अनुदानित, चर्चच्याच आवारातली. आमचं घर हिंदू. वर्गात हजेरी सुरू झाली की डाबरे, डिमेलो, घोन्सालवीस, लोपीस, म्हात्रे, नाईक, परेरा, पाटील, तुस्कानो अशी आडनावं एका दमात यायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. वसईबाहेरच्या माणसाला वाटतं. ‘कॅथलिक शाळा’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे हटकून इंग्रजी माध्यमाचं कॉन्व्हेंट येतं : टाय, बूट, डोनेशन, आणि मराठी बोललं तर दंड. नाहीतर मनात शंका येते, की तिथे मुलांना हळूच धर्म पाजत असतील. मी तिथे चार वर्षं काढली. मला आठवतं ते यापेक्षा बरंच साधं आहे आणि माझ्या मते जास्त गमतीचंही. त्या शाळेत दोन पंचांगं एकाच वेळी चालू असायची, एक सरकारचं आणि एक चर्चचं. दोन्हींचा मेळ घालत वर्ष पुढे सरकायचं.

हा मेळ कधी कधी आपसूक बसलेला असे. १५ ऑगस्टला झेंडावंदन, आणि त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. म्हणून आधी मैदानावर झेंडा, मग खाऊ, मग ख्रिस्ती मुलं रांगेने चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला. २ ऑक्टोबरला गांधीजयंती, आणि चर्चच्या कॅलेंडरवर रक्षक देवदूतांचा दिवस. ५ सप्टेंबरला शिक्षकदिन. १९९७ साली नेमक्या त्याच तारखेला मदर तेरेसा गेल्या, त्यामुळे पुढच्या वर्षापासून राधाकृष्णन यांच्या फोटोशेजारी त्यांचाही फोटो ठेवला जाऊ लागला. १ मे हा महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि शाळेच्या निकालाचा दिवस. तोच कामकरी संत जोसेफचा दिवसही आहे, आणि तो मात्र योगायोग नाही. कामगार दिनाला चर्चचंही काही उत्तर असावं म्हणून बाराव्या पायस या पोपनी १९५५ साली तो मुद्दाम त्या तारखेला नेमला. येशूचा पालक जोसेफ हा सुतार होता. ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर आमच्याकडे निबंध यायचा तेव्हा निम्मी मुलं महात्मा गांधींवर लिहायची आणि निम्मी जोसेफ सुतारावर. बाई दोघांनाही सारखेच गुण द्यायच्या.

कॅथलिक चर्चच्या जगभरात मिळून लाखभर प्राथमिक शाळा आहेत आणि त्यांत साडेतीन कोटींच्या आसपास मुलं शिकतात. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी शिकणारी बहुसंख्य मुलं कॅथलिक नसतात. भारतात तर हे सर्रास आहे. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक देशात २.३ टक्के होते, महाराष्ट्रात एक टक्क्याहूनही थोडे कमी. वसईची गोष्ट वेगळी. १५३४ पासून १७३९ पर्यंत हा भाग पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर सत्ता गेली, पण सामवेदी, वाडवळ, कोळी या समाजांतली जी घरं ख्रिस्ती झाली होती ती इथेच राहिली. केळीच्या वाड्या, पानवेली, फुलं, मासळी हे धंदे तेच राहिले आणि बोलीही त्याच राहिल्या. आमच्या वर्गातला सामवेदी मुलगा घरी कादोडी बोले, शाळेत प्रमाण मराठीत प्रार्थना म्हणे आणि मधल्या सुट्टीत भांडण झालं की परत कादोडीवर येई. आपली भाषा देवाला कळते की नाही, ही शंका त्याला कधी आली नसावी.

मुलांना जमवून धर्म शिकवणं ही या परंपरेची फार जुनी खोड. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरला आणि हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने मुलांना गोळा करू लागला. प्रार्थना आणि आज्ञा तो त्यांच्याकडून चालीवर घोकून घ्यायचा, आणि मग तीच मुलं घरी जाऊन मोठ्यांना शिकवायची. शिकवणीची ही तऱ्हा पाढ्यांच्या घोकंपट्टीहून फार निराळी नाही. पुढे थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, चांगल्या अकरा हजारांच्या घरातल्या मराठी ओव्यांत. १६१६ साली गोव्यात राचोल इथे ते रोमन लिपीत छापलं गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपली जुनी पुराणं सुटल्याची चुटपुट होती आणि त्यांना पुराणासारखंच काहीतरी हवं होतं, म्हणून हा खटाटोप. झेवियरने मुलांना हाताशी धरलं आणि स्टीफन्सने ओवीला. आमच्या शाळेला दोघांचाही वारसा लाभला होता, मात्र शाळेत दोघांपैकी एकाचाच फोटो होता.

आता सकाळ. पावणेआठला पहिली घंटा आणि मग परिपाठ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत असतो तोच : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या, दिनविशेष, बोधकथा. माझ्या शाळेच्याच दिवसांत सरकारने मूल्यशिक्षण आणलं होतं आणि त्याची दहा मूल्यं व्हरांड्याच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवली होती. श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. रंगाऱ्याने ‘सर्वधर्मसहिष्णुता’ लिहिताना जागेचा अंदाज चुकवला होता. शेवटचा ‘ता’ खिडकीच्या चौकटीवर गेला होता. खिडकी उघडली की सहिष्णुता अर्धवट राहायची.

परिपाठ सुरू होण्याआधी क्रुसाची खूण. उजवा हात कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं नाव घेत केलेली ही खूण म्हणजे कॅथलिकांच्या सगळ्या प्रार्थनांचं दार. एकदम तीसेक हात वर जायचे आणि आमचे अठरा-वीस नुसते जोडलेले राहायचे. कुणी आम्हांला ‘करा’ म्हटलं नाही, ‘करू नका’ असंही नाही. पहिलीत मी पाहून पाहून करायचो, तेही डाव्या हाताने. बाईंनी तो हात धरून खाली घेतला आणि म्हणाल्या, ‘तू नमस्कार कर. देवाला दोन्ही चालतं.’ धर्मशास्त्राच्या पुस्तकांत हे असंच लिहिलेलं असेल असं नाही, पण एका पहिलीच्या मुलापुरता प्रश्न सुटला.

राज्यघटनेत याच प्रश्नाला अनुच्छेद २८ आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत देता येतं, पण विद्यार्थ्याला, तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्यात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. शेजारी अनुच्छेद ३० आहे. त्याने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. एका कलमाने चर्चला शाळा दिली आणि दुसऱ्याने माझ्यासारख्या मुलाला नुसते हात जोडून उभं राहण्याची मुभा. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन भावंडांच्या खटल्यात म्हटलं होतं, की आपल्या श्रद्धेपायी राष्ट्रगीत न गाता आदराने उभं राहणं हा राष्ट्रगीताचा अपमान होत नाही. ती मुलं कॅथलिक नव्हती, वेगळ्या पंथाची होती. पण गप्प उभं राहणं हेसुद्धा सभ्य वागणं असू शकतं, हे त्या निकालाने फार नीट सांगितलं. आमच्या व्हरांड्यात ते रोज सकाळी घडत होतं.

आठवड्यातून दोनदा मात्र वर्ग उघड उघड फुटायचा. मंगळवार आणि गुरुवारी, मधल्या सुट्टीनंतर, ख्रिस्ती मुलं वह्या घेऊन शेजारच्या खोलीत कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जायची आणि आम्ही उरलेले नीतीच्या तासाला जागेवरच बसायचो. देशभरातल्या कॅथलिक शाळांत ही वाटणी आहे. तिच्यामागे चर्चचा एक विचार आहे, आणि तो एका तारखेतही दिसतो. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने शिक्षणाविषयीचं आपलं निवेदन २८ ऑक्टोबर १९६५ या दिवशी जाहीर केलं. इतर धर्मांकडे चर्चने कसं पाहावं, त्यांच्यात जे सत्य आणि पवित्र आहे ते नाकारू नये, हे सांगणारं निवेदनही त्याच दिवशी आलं. कॅथलिक मुलाला त्याचा धर्म नीट शिकवायचा आणि शेजारी बसलेल्या मुलाचा धर्म मोडायचा नाही, ही दोन कामं रोमने एकाच दिवशी अंगावर घेतली. एकाच वर्गात ती कशी करायची ते मात्र शाळांवर सोडलं. शाळांनी भिंत वापरली.

भिंत पातळ होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. ते दहा आज्ञा पाठ करत आणि आम्ही इकडे दहा मूल्यं. दोन्हीकडे दहाच कशा, याचं मला फार कोडं होतं. आज मागे वळून पाहताना वाटतं की त्यांची यादी मुलांसाठी जास्त सोयीची होती. आज्ञा क्रियापदांत बोलतात : चोरीबद्दल, खोट्या साक्षीबद्दल, आईबापांना मान देण्याबद्दल त्या थेट सांगतात. आमची मूल्यं सगळी भाववाचक नामं. आठ वर्षांच्या पोराने ‘संवेदनशीलता’ या शब्दाचं काय करायचं? तो शब्द शुद्ध लिहिता आला तरी बाई खूश असायच्या. त्या हुशार होत्या. आठवडाभरात त्यांनी ती यादी बाजूला ठेवली आणि ‘श्यामची आई’ वाचायला घेतली. एकदा पलीकडून वाटेवर लुटल्या गेलेल्या प्रवाशाची आणि त्याला उचलून नेणाऱ्या परक्या शोमरोनी माणसाची गोष्ट ऐकू आली. बाईंनी आमचं पुस्तक मिटलं, बोट ओठांवर ठेवलं आणि आम्ही सगळ्यांनी भिंतीला कान लावून ती शेवटपर्यंत ऐकली.

तिसरी-चौथीच्या सुमारास पलीकडच्या खोलीतली गडबड वाढायची. ‘पहिला कम्युनियन’ जवळ आलेला असायचा. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस हे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे, आणि ती भाकर मुलाने आयुष्यात पहिल्यांदा घ्यायची तो हा संस्कार. पूर्वी युरोपात त्यासाठी मुलाला दहा-बारा, कधी चौदा वर्षांचं व्हावं लागे. १९१० साली दहाव्या पायस या पोपनी ठरवलं की साधी भाकर आणि ही भाकर यांतला फरक कळू लागला की पुरे, आणि ते सातव्या वर्षाच्या आगेमागे कळतं. जगभरच्या कॅथलिक प्राथमिक शाळांचं रूप या एका निर्णयाने पालटलं. तोवर जो संस्कार किशोरवयातला होता तो प्राथमिकच्या वर्गात आला. त्याबरोबर पांढरे झगे, मेणबत्त्या, फोटो, पाहुण्यांची पाकिटं आणि मग आयांची आपसातली चढाओढ, हेही सगळं आलं.

तयारी दोन गोष्टींची. एक म्हणजे ती भाकर जिभेवर किंवा तळहातावर नीट घ्यायची. नाण्यासारखी गोल, कागदासारखी पातळ, फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही. सिस्टर मुलांकडून न आशीर्वादलेल्या चकत्यांवर सराव करून घ्यायच्या. पिठाच्या मोठ्या पातळ पोळीतून या चकत्या कापल्या की कडेचं जाळीदार कातरण उरतं. ते सिस्टर डब्यात भरून ठेवायच्या आणि दुपारी आमच्यासकट सगळ्यांना मूठमूठ वाटायच्या. चव काहीच नाही. टाळूला चिकटायचं आणि हळूहळू विरघळायचं. तरी त्यासाठी रांग लागायची. आशीर्वादाआधी ते नुसतं पीठ असतं, कुणीही खावं. नंतरचं मात्र फक्त त्यांचं. इतकी बारीक रेघ सिस्टरांनी एका कातरणाच्या डब्यावर आम्हांला समजावली.

दुसरी तयारी कुमसाराची. प्रायश्चित्त संस्काराला वसईत हा जुना शब्द आहे, पोर्तुगीजांकडून आलेला. कम्युनियनआधी मुलाने धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगायची, पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची आणि ते देतील ते प्रायश्चित्त करायचं. बहुधा दोन-चार प्रार्थना. आठ वर्षांच्या मुलाला पापं आठवणं अवघड जातं. माझ्या बाकावरचा लोपीस आदल्या दिवशी काकुळतीला येऊन म्हणाला, ‘अरे, माझी तीनच भरतायत. तुझ्याकडची एखादी दे ना.’ मी त्याला पेन्सिल ढापल्याचं दिलं. तीच पेन्सिल त्याने मग स्वतःच्या नावावर कबूल केली. धर्मगुरूंना कबुलीजबाबातलं काहीही, कुणालाही, कधीही सांगता येत नाही असा चर्चचा अगदी कडक कायदा आहे. आपलं गुपित ऐकून घेईल आणि आईला सांगणार नाही असा एक मोठा माणूस गावात आहे, याचा मला तेव्हा खरोखर हेवा वाटला होता. झग्यांचा वाटला नाही. त्याचा वाटला.

वर्षाचे ऋतू त्या शाळेत आणखीही काही गोष्टींवरून कळायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका बुधवारी वर्गातली निम्मी कपाळं राखेने माखलेली असायची. ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादलेल्या पात्या जाळून केलेली. आमच्या कपाळावर आईने लावलेलं गंध किंवा टिकली, त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस. पीटीचे सर रांगेवरून नजर फिरवून म्हणायचे, ‘आज कपाळं फुल्ल आहेत.’ तिथून इस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्यातल्या शुक्रवारी मांस नाही, पण मासळी चालते. श्रावणात याच्या बरोबर उलट पंचाईत. आमच्या डब्यात अंडंसुद्धा नसे आणि परेराच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाने जीव जायचा. चर्चच्या नियमाने शुक्रवारचं बंधन चौदा वर्षं पुरी झाल्यावरच लागू होतं, म्हणजे प्राथमिकच्या एकाही मुलाला नाही. तरी शुक्रवारी मटण आणलेला मुलगा डबा झाकून खायचा. नियम न लागताच लाज कुठून येते, याचा अभ्यास कुणी करायचा असेल तर त्याने प्राथमिक शाळेची मधली सुट्टी पाहावी.

याच काळात टेबलावर पुठ्ठ्याची एक पेटी यायची. तिचा उगम फ्रान्समध्ये. १८४३ साली तिथल्या एका बिशपनी मुलांनी मुलांना मदत करण्याची एक संस्था सुरू केली. नियम दोनच : रोज एक छोटी प्रार्थना आणि महिन्याला एक नाणं. खाऊचा चार आणे-आठ आण्यांचा पैसा त्या पेटीत पडायचा. त्या दिवसांत आमच्या कित्येक घरांत सरकारकडून मिळणारा तीन किलो तांदूळ येत होता. १९९५ पासूनच्या योजनेत हजेरी भरली की महिन्याला तो मिळे, शिजवलेली खिचडी पुढे आली. तांदळाची पिशवी घेऊन घरी जाणारं मूल सकाळी पेटीत आठ आणे टाकून आलेलं असायचं. घेणारा आणि देणारा वेगवेगळा असतो, हे आम्हांला फार उशिरा शिकवलं गेलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मरियेच्या जन्माचा सण, आठ तारखेचा. त्याआधीचे नऊ दिवस मुलं घरच्या वाडीतली फुलं आणायची. मोगरा, शेवंती, नाहीतर नुसती तगर. ती फुलं मूर्तीपुढे जायची आणि उरलेली गणपती असलेल्या घरी. डिसेंबरात गव्हाणी. चौथीच्या मुलांनी भाताचा पेंढा आणायचा, तिसरीच्या मुलांनी माती. काही घरांतून नाचणीचे कोवळे कोंब यायचे, महिन्याच्या सुरुवातीला वाटीत पेरून वाढवलेले, येशूच्या गोठ्याभोवती कुरण म्हणून. ते पाहून आजी म्हणाली होती, ‘हे तर आपले घटच की.’

हे सगळं सांगताना शाळा फार गोड होऊ लागली आहे, म्हणून थांबतो. त्या शाळेत मार होता. फूटपट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर. गृहपाठ राहिला म्हणून, प्रार्थनेच्या वेळी हसलो म्हणून. एकदा तर ज्या सरांनी मारलं त्यांच्या डोक्यावरच जॉन बॉस्कोची तसबीर होती. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरिनमध्ये रस्त्यावरच्या पोरांना जमवून शिकवणाऱ्या या माणसाची सगळी शिक्षणपद्धत तीन पायांवर उभी होती : विवेक, धर्म आणि माया. शिक्षा करण्याची वेळच येऊ नये अशी मुलांची सोबत करावी, हा त्याचा आग्रह होता. मारणं त्याला नामंजूर होतं. हे मला वीस वर्षांनी एका पुस्तकात वाचायला मिळालं आणि बोटं पुन्हा दुखली. शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली ती १ एप्रिल २०१० पासून. तसबीर त्याच्या कितीतरी आधीपासून भिंतीवर होती.

त्याच कायद्यातला आणखी एक गुंता आहे. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा गरीब घरच्या मुलांना द्याव्यात, ही तरतूद अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये ठरवलं. २०२५ साली दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. वसईतल्या मराठी शाळेला याने फरक पडत नाही, तिथे गरीबच मुलं येतात. फरक पडतो शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांना, आणि त्यांनी कायदा दाखवून दार लोटून घ्यावं हे मला पटत नाही. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूचा सण दर पवित्र गुरुवारी साजरा करणाऱ्यांनी तर नाहीच.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गेल्या काही वर्षांत देशात काही ठिकाणी शाळांच्या आवारातले क्रूस, पुतळे, सिस्टरांचे झगे यांवर आक्षेप घेतले गेले. २०२४ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या : इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नका, परिपाठात राज्यघटनेची उद्देशिका म्हणा, शक्य तिथे सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा. वसईत वाचताना त्यातलं निम्मं ओळखीचं वाटलं. उरलेल्या निम्म्यात भीती जाणवली.

पण आमच्या शाळेला खरा धक्का यांपैकी कशानेच बसला नाही. तो भाषेने बसला. १९६० च्या दशकातल्या त्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा करायला मोकळीक दिली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी आली. त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्समधल्या जॉन बाप्टिस्ट द ला सालने गरीब मुलांना आधी लॅटिन नाही तर त्यांची फ्रेंच वाचायला शिकवा असा हट्ट धरला होता. एकेका मुलाला बोलावून शिकवण्याऐवजी अख्ख्या वर्गाला एकत्र शिकवण्याची रीतही त्याने रुजवली. चर्चने पुढे त्याला शिक्षकांचा संत मानलं. वसईत हा वारसा जोमात होता. १९९८ साली मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला तेव्हा पहिले बिशप थॉमस डाबरे आले. त्यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर होता. ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन अनेक वर्षं करणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि त्याच वर्षांत त्याच वसईच्या ख्रिस्ती घरांतली मुलं, आमच्या मुलांसारखीच, इंग्रजी शाळांच्या बसमध्ये चढत होती.

गेल्या वर्षी भाचीचा दाखला आणायला शाळेत गेलो. ‘सर्वधर्मसहिष्णुता’ अजून भिंतीवर आहे, खिडकीची चौकट नवीन बसवल्यामुळे ‘ता’ गेला आहे. तिसरीच्या वर्गात वीस-बावीस मुलं. वाड्यांवर कामाला आलेल्या आदिवासी घरांतली, नालासोपाऱ्याकडे खोली घेऊन राहणाऱ्या घरांतली, दोघं-तिघं घरी भोजपुरी बोलणारी. गुरुवार होता. मधली सुट्टी संपल्यावर घंटा झाली आणि कॅटेकिझमसाठी वह्या घेऊन उठली ती फक्त तीन मुलं. माझ्या वेळी आम्ही उरायचो, आता ती निघत होती. बाईंनी गोष्टीचं पुस्तक उघडलं, पण वाचायला सुरुवात केली नाही. दारातल्या मुलीला हाक मारून म्हणाल्या, ‘सिस्टरना सांग, आज दहा मिनिटं लवकर सोडा. तुम्ही आल्यावर गोष्ट सुरू करू.’ मग फळ्याकडे वळल्या आणि तोवर वेळ जावा म्हणून मुलांकडून दिनविशेष वाचून घेऊ लागल्या, आधी वरची ओळ, मग खालची.